ऑफिसातली बढती, आरक्षण आणि ‘माझ्यावर अन्याय झाला’ ही भावना

माळरान

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, पण बरेच दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे मांडतोय.

मी पुण्यात हिंजवडीला एका आयटी कंपनीत टीम सांभाळतो. आमच्याकडे ‘डायव्हर्सिटी’चे नियम आलेत. जागा कुठलीही असो, मुलाखतीला बोलावलेल्यांत किमान एक महिला हवीच. महिला उमेदवाराचं नाव सुचवलं आणि ती रुजू झाली तर रेफरल बोनस दुप्पट. शिवाय वरच्या पदांवर महिलांचं प्रमाण वाढवायचं उद्दिष्ट प्रत्येक विभागप्रमुखाला दिलंय.

यंदा शेजारच्या टीममधल्या एका सहकारी मैत्रिणीला मॅनेजर केलं. त्या जागेसाठी तिघं जण होते आणि तिघांचं रेटिंग सारखंच होतं. नाव जाहीर झाल्यापासून कँटीनमध्ये एकच वाक्य कानावर पडतं, "डायव्हर्सिटीत बसली." तिच्यासमोर कोणी बोलत नाही, पण तिला कळत नसेल असं कसं म्हणू?

माझं मत स्पष्ट सांगतो. बायकांना वर्षानुवर्षं डावललं गेलं हे शंभर टक्के मान्य. पण ज्या दोघांची बढती यंदा हुकली त्यांनी कोणाला डावललं होतं? जुन्या अन्यायाची भरपाई आजच्या एका माणसाच्या पगारातून का?

तर प्रश्न दोन. असा नियम तुम्हाला न्याय्य वाटतो का? आणि जिला बढती मिळाली तिच्या मागे ही कुजबुज लागू नये म्हणून टीम सांभाळणाऱ्याने काय करावं? सरकारी नोकरीतल्यांनीही जरूर लिहा, तुमच्याकडे हे सगळं आमच्या कितीतरी आधीपासून आहे.

झुळूक

पहिल्या रांगेत जागा पकडली. धागा शंभरी गाठणार, चहा ठेवते सगळ्यांसाठी.

कुंदकळी

माळरान, मुद्दा मांडलात ते बरं केलंत. पण तुम्हीच लिहिलंय की तिघांचं रेटिंग सारखं होतं. मग तिच्याऐवजी दुसऱ्या दोघांपैकी एकाला घेतलं असतं तर उरलेल्या एकावर अन्याय झालाच असता ना? तेव्हा कँटीनमध्ये काय बोलले असते? "त्याचं साहेबांशी जमतं" एवढंच, आणि दोन दिवसांत विसरले असते.

माझा अनुभव सांगते. बाळंतपणाची रजा संपवून परत आले त्या वर्षी माझं रेटिंग एक पायरी खाली आलं. कारण विचारलं तर म्हणे "या वर्षात तुझं काम दिसलं नाही." दिसणार कुठून, २६ आठवडे मी रजेवर होते! २०१७ च्या दुरुस्तीने कायदा २६ आठवड्यांची भरपगारी रजा देतो, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं असंही सांगतो. पण रजेवरून आल्यावर रेटिंगच्या रकान्यात काय भरायचं ते कुठल्याच कायद्यात नाही. त्या एका पायरीमुळे पुढच्या बढतीच्या यादीत माझं नाव आलंच नाही. माझ्या बरोबरीचे दोघे पुढे गेले. ते "कशात बसले" असं कोणीही विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं, दोघेही चांगले कामाचे आहेत. पण मी मागे राहिले ती काही नियमामुळे नाही. जिथे नियम हवा होता तिथे तो नव्हता.

टपरीवाला

आमच्या ऑफिसात एकच आरक्षण कडक पाळलं जातं, एसीखालच्या खुर्चीचं. तिथे सेवाज्येष्ठता चालते आणि रोस्टर मे महिन्यात बदलतं.

सह्यकडा

सरकारी बाजू लिहितो. मी जिल्हा पातळीच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत काम करतो, म्हणजे बिंदुनामावली (रोस्टर, कुठली जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारी यादी) माझ्याच टेबलावर असते.

बाहेरच्या लोकांना वाटतं की साहेब मनात येईल तसं "ही जागा राखीव" म्हणून टाकतात. तसं नसतं. प्रत्येक संवर्गाची नोंदवही असते. कुठला बिंदू कोणत्या प्रवर्गाचा हे शंभर बिंदूंच्या यादीत आधीच छापलेलं असतं. महाराष्ट्रात सरळसेवेला, म्हणजे थेट भरतीला, अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब, क आणि ड मिळून ८, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९, असे ५२ टक्के. त्यात नंतर आर्थिक दुर्बल घटकांचे १० आणि २०२४ च्या कायद्याने एसईबीसीचे (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) १० आले. महिलांचं ३० टक्के आरक्षण समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं.

वहीत बिंदूसमोर कर्मचाऱ्याचं नाव, प्रवर्ग, नियुक्तीचा दिनांक, जात वैधता प्रमाणपत्राची नोंद आणि शेरा. माणूस निवृत्त झाला की ती जागा त्याच प्रवर्गातून भरायची, कारण रोस्टर पदांना लागतं, रिक्त जागांना नाही. आर. के. सभरवाल खटल्यात १९९५ साली सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलं. वही आम्ही विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून आणतो. तिथे एक बिंदू चुकला तर अख्खी भरती अडते.

मला म्हणायचंय ते हे, की आमच्या कार्यालयात इतकी काटेकोर नोंद दुसऱ्या कुठल्याच निर्णयाची होत नाही. चांगल्या तालुक्यातली नेमणूक कोणाला, प्रशिक्षणाला कोण जाणार, मलईचं टेबल कोणाकडे, याची एक ओळ कुठे लिहिलेली सापडणार नाही. तरी ‘अन्याय’ हा शब्द निघतो तो बिंदुनामावलीवरूनच, कारण तिच्यावर बोट ठेवता येतं.

सरळरेषा

सह्यकडा, माहिती चोख आहे, पण निष्कर्ष पटला नाही. अन्याय वहीत नीट लिहिला म्हणून तो न्याय होत नाही.

भरतीतल्या आरक्षणावर माझा आक्षेप नाही. सुरुवातीची रेषा सगळ्यांची एक नव्हती. पण एकदा सेवेत आलो, एकच काम, एकच पगार, एकच खात्याची परीक्षा. त्यानंतर पुन्हा वेगळी रांग कशासाठी? इंद्रा साहनी निकालात १९९२ साली सुप्रीम कोर्टाने पदोन्नतीत आरक्षण नको असंच म्हटलं होतं. मग १९९५ ला ७७ वी घटनादुरुस्ती करून पदोन्नतीत आरक्षणाची मुभा देणारं कलम १६(४अ) आणलं, २००१ च्या ८५ व्या दुरुस्तीने आरक्षणातून मिळालेल्या पदोन्नतीबरोबर ज्येष्ठताही दिली. म्हणजे माझ्यानंतर सेवेत आलेला माणूस आधी वर गेला, आणि मी वर पोचलो तरी तो माझ्या पुढेच राहणार. नागराज निकालात २००६ ला कोर्टाने अटी घातल्या, त्यातली एक होती अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी दाखवा. ती आकडेवारी कोणी गोळा केली?

माझे मोठे बंधू याच प्रश्नावर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) खेटे घालत निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यात कोणाला जातीवरून एक शब्द उणा बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. माळरानांचा प्रश्न माझाही आहे. एका माणसाची नोकरी एकदाच असते, त्याला ‘सामाजिक हित’ सांगून समाधान होत नाही.

वाघूर

सरळरेषा, तुमच्या भावांबद्दल वाईट वाटलं. मनापासून लिहितोय. कोर्टात वर्षं गेली की माणसाच्या हाती काही उरत नाही.

पण मग महाराष्ट्रातली पुढची गोष्टही सांगायला हवी. आपल्याकडे पदोन्नतीत ३३ टक्के होतं, आणि त्यात इतर मागासवर्ग नव्हताच. मे २००४ चा तो शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची सगळी पदं सेवाज्येष्ठतेने भरायचं ठरलं. आमच्या पिढीच्या वाट्याला पदोन्नतीतलं आरक्षण आलंय ते भांडणापुरतंच.

आता माझं. मी अनुसूचित जातीतला, स्थापत्य अभियंता. भरतीत माझी निवड खुल्या प्रवर्गातून झाली. गुण खुल्याच्या कटऑफच्या वर होते, अर्जात कुठलीही सवलत घेतली नव्हती, यादीत नाव खुल्या जागेसमोर. खुली जागा सर्वांना खुली असते, ती कोणा एका गटाची राखीव जागा नव्हे, हे सुप्रीम कोर्टानेही २०२० साली सौरव यादव खटल्यात पुन्हा सांगितलंय. रुजू झालो त्या दिवशी एका ज्येष्ठांनी आडनाव विचारलं. आडनावावरून उलगडा होईना तेव्हा गाव विचारलं. गावावरूनही होईना तेव्हा "गावात घर कुठल्या बाजूला?" उत्तर मिळाल्यावर चेहऱ्यावर समाधान दिसलं आणि म्हणाले, "बरं झालं, तुमच्या लोकांना आता संधी आहेत." त्या कार्यालयात असेपर्यंत मी ‘कोट्यातला’च राहिलो. निवड यादी संकेतस्थळावर होती, कोणीही उघडून बघू शकलं असतं. एकानेही पाहिली नाही.

पुढे गोपनीय अहवाल, म्हणजे वरिष्ठ दरवर्षी आपल्या कामावर लिहितात तो. रस्त्याची कामं वेळेत, लेखापरीक्षणात एकही आक्षेप नाही, आणि शेरा ‘ब+’. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या अभियंत्याची कामं रखडलेली, त्याला ‘अ’. प्रतवारीची प्रत मागितली, लेखी प्रतिवेदन दिलं, फेरविचारात ‘अ’ झाली. ही वाट मला मिळाली ती २००८ च्या देव दत्त निकालामुळे. अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे असं कोर्टाने सांगितलं. त्याआधीची माणसं कुठल्या शेऱ्यामुळे मागे राहिली हे त्यांना कधी कळलंही नाही. सरळरेषा, पदोन्नतीत वेगळी रांग कशासाठी, याचं माझं उत्तर हा ‘ब+’ आहे.

झुळूक

वाघूरभाऊ, "घर कुठल्या बाजूला" वाचून पोटात तुटलं.

कुंदकळी

वाघूर, तुमच्या ‘ब+’वरून लष्कराचा निकाल आठवला. महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन (म्हणजे ठरावीक वर्षांपुरती नव्हे, निवृत्तीपर्यंतची सेवा) द्या असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं. मग त्यांचं मूल्यमापन झालं ते जुन्या गोपनीय अहवालांवरून. त्या काळात बायकांना स्थायी कमिशन मिळण्याची शक्यताच नव्हती, त्यामुळे वरिष्ठांनी त्यांचे अहवाल वरवर भरलेले. पुरुषांचे मात्र पुढची बढती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले. मग दोन्ही एकाच फुटपट्टीने मोजले. मार्च २०२१ च्या नितिशा निकालात कोर्टाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. नियम कागदावर सगळ्यांना सारखा होता. माळरान, तुमच्या कंपनीतलं ‘सारखं रेटिंग’ कसं तयार झालं तेही एकदा बघाल का?

जंक्शन

मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. वयाने इथे बहुधा सर्वांत मोठा असेन, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘आरक्षणामुळे कामाचा दर्जा घसरतो’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकले. त्याचा अभ्यासही झालेला आहे, आणि तो रेल्वेवरच. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८० ते २००२ या काळातील रेल्वेच्या विभागांची आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी जास्त असलेल्या ठिकाणी उत्पादकता घटते असे कुठेही आढळले नाही. उलट अ आणि ब गटातील पदांवर त्यांचे प्रमाण वाढले तिथे काही निष्कर्षांत उत्पादकता वाढलेली दिसली. ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात २०१४ साली हे प्रसिद्ध झाले.

आता डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. आमच्या शेडमध्ये इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे एक फिटर होते. राखीव जागेवर लागलेले, शिक्षण बेताचे. इंजिन उभे राहिले की ते हातातला लांब पाना आवरणाला टेकवत, दुसरे टोक कानाला लावत आणि कुठल्या बेअरिंगला त्रास आहे ते सांगत. साहेब लोक कागद चाळेपर्यंत त्यांचे निदान झालेले असे. पदोन्नतीने ते पर्यवेक्षक झाले तेव्हा कुरकुर झालीच. कुरकुर करणारे पुढेही अडले की त्यांनाच बोलवत.

रागाचे कारण मला असे दिसले, की एक जागा राखीव असली तर तिच्यावाचून राहिलेले दहाही जण म्हणतात ती माझी होती. खुली असती तरी नऊ जण राहिलेच असते.

सरळरेषा

काका, शेवटचा मुद्दा गणित म्हणून बरोबर आहे. पण त्या दहांत जो खरोखर पहिला होता त्याचं काय? तो एक जण खोटा नाही.

आणि अभ्यास सरासरीचा असतो. माझा दुसरा आक्षेप अजून कोणी हाताळला नाही. लाभ जातो कोणाला? क्लास वन अधिकाऱ्याच्या मुलाला आणि ऊसतोड मजुराच्या मुलाला एकाच रांगेत उभं केलं तर मजुराचा मुलगा तिथेही मागेच राहणार. ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या (अनुसूचित जातींच्या आत वेगळे गट पाडण्याच्या) निकालात सुप्रीम कोर्टाचे न्या. गवई यांनी अनुसूचित जाती-जमातींतही क्रीमी लेयर, म्हणजे त्यांच्यातला पुढारलेला थर, ठरवण्याचं धोरण राज्यांनी आखावं असं लिहिलं, आणि ते स्वतः त्या समाजातले आहेत. यावर बोललं की लगेच जातीयवादी ठरवलं जातं, त्याचा त्रास होतो.

वाघूर

मी ठरवणार नाही. आतल्या विषमतेवर आमच्यातही कडाक्याची चर्चा चालते. मी उपवर्गीकरणाच्या बाजूचा आहे, माझे काका विरोधात. पण ‘आडनाव काय, घर कुठे’ हा प्रश्न क्लास वन अधिकाऱ्याच्या मुलालाही विचारला जातो. उत्पन्न वाढलं म्हणून तो थांबत नाही. फी आणि शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न बघा, जरूर बघा. ऑफिसातल्या वागणुकीसाठी ते पुरेसं नाही.

आणखी एक विचारतो, रागाने नाही. २०१९ ला १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के मिळाले, त्यात आम्हाला जागा नाही. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ते कायम केलं. त्यातून लागलेल्या सहकाऱ्याच्या पाठीमागे "गुणवत्ता गेली" असं कोणी म्हणाल्याचं तुमच्या कानावर आलंय? माझ्या तरी नाही.

सरळरेषा

खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

रुजवात

मी खाजगी कंपन्यांत मनुष्यबळ विभागात काम करते. माळरान, तुम्ही दुप्पट बोनसबद्दल लिहिलंत. एकपट बोनसबद्दल कोणालाच काही का वाटत नाही?

रेफरल म्हणजे आत असलेल्याने ओळखीच्याला आत घेणं. मी एका ठिकाणी एका टीमची यादी काढली होती. निम्म्याहून जास्त माणसं एकाच कॉलेजची, त्यातली बरीचशी एकाच हॉस्टेलची, आणि आडनावं वाचली तर लग्नपत्रिकेची यादी वाटावी. कोणी कट केला नव्हता. प्रत्येकाने आपापला मित्र आणला, मित्र खरोखर हुशार होता, बोनसही मिळाला. फक्त ज्याच्या घरातलं, गावातलं कोणीच अशा कंपनीत नाही त्याचा अर्ज पोर्टलवर हजारोंच्या ढिगात पडून राहिला. तोही एक कोटाच आहे, फक्त त्याचा टक्का छापलेला नाही.

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला होता. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. मुलाखतीपर्यंत पोचूच न शकलेला माणूस कुठल्या कँटीनमध्ये तक्रार करणार?

त्याच सुमाराला अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांशी बोलून लिहिलं होतं, की मुलाखतीतला "घरी कोण कोण असतं, वडील काय करतात" हा साधा प्रश्न दलित मुलांना किती जड जातो. मी हा प्रश्न आमच्या मुलाखतीच्या फॉर्ममधून काढून टाकला. एका वरिष्ठांनी विचारलं, "मग गप्पा कशा सुरू करायच्या?" मी म्हटलं, कामापासून सुरू करा.

टपरीवाला

रुजवातताई, मुलाखत कामापासून सुरू केली तर आमच्या साहेबांना विचारायला काहीच उरणार नाही.

पैलतीर

अवांतर वाटेल, पण जोडलेलं आहे. मी सिअ‍ॅटलजवळ राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल नगर परिषदेने भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द घातला. अमेरिकेतलं असं करणारं पहिलं शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. कॅलिफोर्नियातही विधेयक मंजूर झालं होतं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं. सध्याचे कायदे पुरेसे आहेत असं त्यांचं म्हणणं.

इथल्या मराठी मंडळींत तेव्हा जोरदार वाद झाले. गंमत म्हणजे इथे कोणालाच आरक्षण नाही, त्यामुळे नोकरीतली जागा गेल्याचा राग असायचं कारण नाही. तरीही टीममध्ये नवा भारतीय आला की जेवणाच्या टेबलावर आडनावाची चौकशी होतेच. म्हणजे चौकशी आरक्षणामुळे सुरू झालेली नाही, हे इथे राहून मला जास्त स्पष्ट दिसलं.

संपादक मंडळ

चर्चा चांगली चालली आहे. दोन प्रतिसाद वैयक्तिक रोखामुळे काढले आहेत. कृपया एकमेकांच्या जातीचा अंदाज बांधू नये.

स्पर्श

इतकी चर्चा झाली, दिव्यांगांचं नाव एकदाही आलं नाही. मी पूर्ण अंध, एका सरकारी कार्यालयात लिपिक.

२०१६ च्या कायद्याने आम्हाला ४ टक्के, आधी १९९५ च्या कायद्यात ३ होते. आमच्याबद्दल कोणी "गुणवत्ता गेली" म्हणत नाही, उलट कौतुक करतात. पण काम देत नाहीत. मला रुजू झाल्यावर टेलिफोनजवळ बसवलं आणि "आरामात राहा" म्हणाले. संगणकावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून घेतला, एनव्हीडीए फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. मग लक्षात आलं, टपाल सगळं स्कॅन केलेलं, म्हणजे चित्र. स्क्रीन रीडरला त्यात अक्षर सापडत नाही. मजकूर ओळखता येईल अशा पद्धतीने स्कॅन करा, एवढं सेटिंग बदलायला सांगितलं तर "तुमच्या एकट्यासाठी?" असं उत्तर आलं. शेवटी शाखेतल्या एका शिपाईमामांनी स्वतः शिकून ते करून दिलं. आज आवक-जावक नोंदणी मी सांभाळतो, आणि आता कोणतंही पत्र शब्द टाकून शोधता येतं म्हणून सगळे तेच वापरतात.

नुसतं आत घेऊन भागत नाही. आत घेतल्यावर काम करता येईल अशी सोय द्यायला हवी. माळरानसाहेब, तुमच्या नव्या मॅनेजरला चांगला प्रकल्प दिलाय की उरलेला?

सह्यकडा

स्पर्श, तुमच्या शिपाईमामांना नमस्कार सांगा.

एक राहिलं. या सगळ्या भांडणात जागाच कमी होताहेत. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घ्यायचं ठरलं होतं. विरोध झाला, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. पण त्याआधी आणि त्यानंतरही कंत्राटी माणसं येतच आहेत. तिथे ना बिंदुनामावली, ना ज्येष्ठता, ना पदोन्नती. आमच्याकडे शिपाई आणि डेटा एंट्रीच्या खुर्च्यांवर बसलेली मुलं खुल्या प्रवर्गातलीही आहेत आणि राखीवमधलीही, पगार दोघांनाही वेळेवर नाही.

माळरान

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण कुंदकळींनी आणि स्पर्श यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी आधी बघून आलो.

आमच्याकडे रेटिंगच्या बैठकीत आकड्यांबरोबर ‘संभाव्य नेतृत्व’ नावाचा एक रकाना असतो. त्यात काय बघायचं हे कुठेही लिहिलेलं नाही. रजेवरून परतलेल्या प्रत्येकीसमोर तिथे मधला आकडा आहे, एकीसमोरही वरचा नाही. नव्या मॅनेजरला मिळालेला प्रकल्प आधीच दोन महिने मागे पडलेला आहे. तो बिघडला तर कँटीनमध्ये काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. वरिष्ठांना लेखी कळवलं की तिला एक अनुभवी माणूस जादा द्या. माझ्या टीममधला देतो म्हटलं.

पहिल्या प्रश्नावर माझं मत पूर्ण बदललेलं नाही. दुप्पट बोनस मला अजूनही चुकीचा वाटतो. त्याने बाईच्या नावाला किंमत लागते, तिच्या कामाला नाही. पण मुलाखतीला एक तरी महिला हवी हा नियम मला आता पटतो. रेफरलच्या रांगेत ज्यांचं नाव येतच नाही त्यांना निदान दारापर्यंत तरी आणतो.

सरळरेषा

माळरान, बढतीचे निकष नावं यायच्या आधी लिहून जाहीर करा. हुकलेल्याला कारण लेखी द्या. माझ्या भावांना एवढं मिळालं असतं तरी अर्धी लढाई झाली नसती. पदोन्नतीतल्या आरक्षणाला माझा विरोध कायम आहे, आणि गोपनीय अहवालाबद्दल वाघूर जे म्हणतात त्याला माझा पाठिंबा आहे. दोन्ही एकाच वेळी लिहितो.

कुंदकळी

+१. आणि ‘संभाव्य नेतृत्व’ हा रकाना काढूनच टाका, किंवा त्यात काय मोजायचं ते चार ओळींत लिहा.

वाघूर

सरळरेषा, एवढ्यावर आपलं जमलं. उरलेल्यावर भांडत राहू, इथेच.

पारिजातक_२

मी नवीन आहे इथे. जिल्हा परिषदेत लागून थोडेच दिवस झालेत. सह्यकडा सर, आमच्या आस्थापनेची बिंदुनामावली मला बघायला मिळू शकते का? विचारलं तर "ते गोपनीय असतं" म्हणाले.

सह्यकडा

गोपनीय नसतं. माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. "अमुक संवर्गाच्या, मागासवर्ग कक्षाने प्रमाणित केलेल्या बिंदुनामावलीची प्रत" असंच लिहा, नुसतं "रोस्टरची माहिती" लिहू नका, टाळाटाळीला जागा मिळते. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर प्रथम अपील. सोबत अद्ययावत ज्येष्ठता सूचीही मागा. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की स्वतःचा क्रमांक कुठे आहे आणि का आहे ते कळतं. सूची तात्पुरती असेल तर त्यावर हरकत घ्यायची मुदत परिपत्रकातच लिहिलेली असते, ती चुकवू नका. आणि हरकत दिली की आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.